घरचं रक्त

मशीनवर आकडा उमटला आणि लेकीचा जीव भांड्यात पडला. आईच्या लिम्फोसाइट पेशी एका दिवसात दुपटीने वाढल्या होत्या. कोरोना अंगात मुरला की या पांढऱ्या पेशी भराभर उतरतात, माणूस सावरू लागला की वर येतात. लॅबमधल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा.

आणि ही आई कोण, तर याच लॅबच्या मोठ्या मॅडम. उभा जन्म इथे काढला, अन् आता वरच्या मजल्यावर ऑक्सिजन लावून पडल्या होत्या. लेक त्यांच्याच हाताखाली शिकलेली, म्हणून ती धाकटी मॅडम.

डॉक्टरांचा फोन आलाच. "काय म्हणतंय आईंचं रक्त? चांगलं असेल तर आजच साध्या वॉर्डात हलवतो. खाली पेशंट खोळंबलेत."

'चांगलं आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सवय मेली वाईट! नजर खालच्या ओळीवर गेलीच. तांबड्या पेशींचा आकार चारचौघांसारखा, एकदम झकास.

तिथेच माशी शिंकली. या घराण्यात तांबड्या पेशी जन्मजात बारीक. आजीच्या तशा, आईच्या तशा, तिच्या स्वतःच्याही तशाच. औषधाने ताप उतरेल, पण पेशींचा आकार एका रात्रीत कसा बदलेल?

"थांबा जरा, डॉक्टर."

तिने आईच्या नावाची रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. चांगल्या टपोऱ्या पेशी होत्या. मग आईच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंची काच लावली, दोघींचं रक्त एकाच वेळी घेतलं होतं, आणि त्यात त्या बारीक पेशी माहेरच्या माणसांसारख्या भेटल्या. त्या काचेवर लिम्फोसाइट मात्र शोधून शोधून सापडत होत्या.

"हे रक्त आमच्या घरचं नाही," ती म्हणाली. "नळ्यांची अदलाबदल झालीय. दोन्ही रिपोर्ट रद्द करते. दोघींचं रक्त परत घ्यायला सांगा."

फोन ठेवला आणि तिला रडू कोसळलं. हातातोंडाशी आलेला घास तिने आपणहून ताटात परत ठेवला होता.

नवीन रक्त आलं. व्हायचं तेच झालं. तिने वॉर्डात फोन लावला, नर्सने तो आईच्या कानाशी धरला.

"परत कशाला टोचलं गं?" मोठ्या मॅडमना धाप लागत होती.

"तुझ्या नावावर दुसऱ्याचं रक्त आलं होतं, आई. छान होतं. मी रद्द केलं."

"आणि माझं?"

"पेशी कमीच आहेत अजून. तुला ऑक्सिजनवरच राहावं लागेल."



"तांबड्यांच्या आकारावरून ओळखलंस?"

"हो."

मग मोठ्या मॅडमनी मास्क बाजूला केला असावा, कारण आवाज एकदम मोकळा झाला. नर्स "अहो, मास्क, मास्क" म्हणत होती, पण ऐकतंय कोण! त्या शेजारच्या खाटेला सांगत होत्या,

"अहो ताई, उठा! ते चांगलं रक्त तुमचं होतं. चालल्या तुम्ही साध्या वॉर्डात! आणि मला... मला माझ्या लेकीने नापास केलं. सख्ख्या आईला! मीच शिकवलंय तिला."