तिसरी मुलाखत

"मार्क उत्तम आहेत, पण आत्मविश्वास कमी पडतो," असं सांगून अम्मानमधल्या दोन प्रयोगशाळांनी हनीनला नोकरी नाकारली होती. मग महिनाभर तिने आरशासमोर बोलण्याचा सराव केला.

तिसऱ्या ठिकाणी ती ताठ मानेने आत शिरली आणि नजर न चुकवता प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत गेली. संचालकांनी स्वतः उठून तिच्यासाठी वेलचीची कॉफी मागवली.

"बाईसाहेब, नव्या आठवड्यात, रविवारपासून रुजू व्हा. फक्त एवढं सांगा, तुमच्या शिफारशीचा फोन कुणाकडून येईल?"

"कुणाकडूनच नाही. मी माझ्या गुणांवर आलेय."

संचालकांनी तिची फाईल मिटली.



"मग एवढ्या तोऱ्यात कशाला शिरलीस गं? मला वाटलं, मंत्र्यांची भाची आलीय!"