विल्फच्या दगडावरचा शब्द

माझ्या सुनेला दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं राहू देववत नाही. शाळेत शिकवते ना. माझ्या नवऱ्याच्या, विल्फच्या, थडग्यावरच्या दगडासाठी मी नावाखाली दोनच शब्द सांगितले होते, ‘गुड मॅन’. आज पाथरवट खडूने अक्षरं आखायला बसला, तर ही फिलिपा त्याला थांबवून उभी.

“आई, मी पोरांना निबंधातसुद्धा ‘गुड’ लिहू देत नाही. चहा गुड, हवा गुड, शेजारचा कुत्राही गुड. बाबांना तेच म्हणायचं? उदार म्हणा, सज्जन म्हणा, थोर म्हणा. किती शब्द आहेत.”

पाथरवटाने खडू कानामागे खोचला.

“उदार तो पबमध्ये होता,” मी म्हटलं, “आणि थोर खाणीच्या संपात. ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझे गुडघे गेल्यापासून रोज सकाळी माझ्या पायांत मोजे तो चढवायचा, आणि बाहेर कुठे बोलला नाही. दगडाचा खालचा भाग माझ्या नावासाठी कोरा ठेवलाय, फिलिपा. मला नेऊन कुणा थोर माणसाशेजारी पुरू नकोस.”