दोरी, मडकं आणि सुधन्वाचं नाक

१९९४ साली जयपूरच्या रोबो स्पर्धेचं पत्रक ठाण्याच्या कॉलेजात आलं. खेळ गुप्त होता. इशारा म्हणून फक्त तीन चित्रं होती, दोरी, मडकं आणि वीस फुटांची मोजपट्टी.

"हंडीच! हे काय ठाणेकराला विचारता?" असा कॉलेजच्या रोबो संघाचा कॅप्टन असलेल्या हरेश्वरने निकाल दिला आणि "विहीर पण असेल रे" म्हणणाऱ्या संघातल्याच सुधन्वाचं नाक जागीच फोडलं. महिनाभरात त्यांच्या रोबोच्या हातोड्याने साठ मडकी फोडली, आणि मध्ये आले म्हणून हरेश्वरचे दोन दातही.

जयपूरला खेळ उघड झाला: विहिरीतून मडकं भरून, न फोडता वर आणायचं.



परतल्यावर हरेश्वरने स्टेशनवरून थेट वर्तकनगरला सुधन्वाचं घर गाठलं आणि त्याचं नुकतंच जुळलेलं नाक पुन्हा फोडलं: "माहीत होतं तर तेव्हा जोरात बोलायचं ना, साल्या!"