पट्ट्याचे आतले टोक

मी बोलावल्यावर दादा मोटारसायकलवर खुर्शीद मिस्त्रींच्या गॅरेजात आला होता. दादाने मला विकलेली जपानी गाडी सकाळी राजूर घाटाच्या उतारावर बंद पडली होती, ब्रेकही लागेना. मुलगी अजून माझा हात सोडत नव्हती. मिस्त्रींनी पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. आत दडलेल्या टोकावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. “पुरात बुडालेली गाडी हाय, ताई. इंपोर्टेड जुनी गाडी घेतानी हा पट्टा पुरा खेचून पाहा लागते. सीट धुता येते, याच्या पोटातलं नाही.” शेगावची वाहनपूजा आठवली. दादाने आम्हाला गाडीत बसवले, मुलीला हाच पट्टा बांधला आणि स्वतः मोटारसायकलवर मागून आला. मागची सीट रिकामी होती. “दादा, त्या दिवशी तू गाडीत काऊन नाही बसला?” मी विचारले. मिस्त्रींनी पट्टा सोडला. गाळाची रेघ सरसर आत गेली. दादा मोटारसायकलकडे चालू लागला.