ढवळ्याचा लगाम

आबा गावकरांनी नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि देवळाच्या पायरीवरून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ही सावित्री आज तुझ्या पायाकडे इली हा. तिच्या चेडवाचां लगीन जुळता जुळता मोडता, तां जुळान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेली माणसं एका सुरात म्हणाली.

"आणि तिचो घोव जत्रेत पोरांबरोबर लाकडाच्या घोड्यार बसता, तो आजपासून बसाचो नाय, अशी तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज भिकाजीचा, म्हणजे त्या घोवाचा, सावित्रीच्या नवऱ्याचाच होता. गाऱ्हाणं सुरू झालं की होय म्हणायचं, ही तोंडाला लहानपणापासूनची सवय. कोणाचं गाऱ्हाणं नि कशाचं, हे ऐकत कोण बसतो? त्याचं सगळं लक्ष माडांखाली उभ्या राहिलेल्या घोड्यांच्या चक्रीकडे होतं. नारळ फुटला, माणसं खो खो हसू लागली, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो सावित्रीकडे वळला.

"ह्यां काय केलंस गो?"

"तुमीच व्हय म्हटलात," सावित्री म्हणाली. "देवासमोर."

तिला काही हौस नव्हती नवऱ्याचं गाऱ्हाणं चारचौघांत घालायची. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, उधाणात होडी घालायला न कचरणारा, पण जत्रा आली की सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. गावाला करमणूक होत होती. लेकीला, पद्माला पाहायला आलेली दोन स्थळं मात्र 'बापूस येडो' म्हणून परत गेली होती. आज तिसरं होतं. मुलाची आई कृष्णाबाई वेंगुर्ल्याहून खास आली होती आणि खाज्याच्या दुकानापाशी पद्माशी बोलत उभी होती. हे मोडलं तर चौथं यायचं नाही, हे सावित्री पुरतं ओळखून होती.

भिकाजी पायरीशी जाऊन हात जोडून उभा राहिला.

"आबानू, माका आयकाक येवक नाय. गाऱ्हाणां मागे घेवा."

"फुटलेलो नारळ जुळता काय रे?" आबा म्हणाले आणि पुढच्या माणसाचा नारळ हातात घेतला.

भिकाजी चक्रीकडे चालू लागला.  सावित्री त्याच्या मागोमाग गेली.

चक्रीवाल्या सहदेवानं त्याला लांबूनच पाहिलं. आठ घोड्यांपैकी सातांवर पोरं बसली होती. आठवा, एक कान तुटलेला पांढरा, रिकामा होता.

"येवा, भिकाजीकाका! ढवळो तुमच्यासाठी ठेवलंय. कोणाक बसाक देवक नाय."

"मी बसाचो नाय रे," भिकाजी म्हणाला. त्याचा आवाज सावित्रीला ओळखू आला नाही. "ह्यां तेका घालतंय आणि जातंय."

त्यानं कमरेचं पुडकं सोडलं. आत लगाम होता. जाळ्याच्या सुताचा, बारीक विणीचा, दोन्ही बाजूंना कवड्या ओवलेल्या. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की सगळे जाळी दुरुस्त करतात. तोही चार महिने ओटीवर पाठ फिरवून बसला होता. जाळंच विणतोय असं सावित्री समजत आली होती.

त्यानं लगाम ढवळ्याच्या तोंडात अडकवला, गाठ मारली, ओढून पाहिली. मग तुटक्या कानावरून हात फिरवला. वर बसलेली पोरं ओरडत होती. सहदेवानं खांद्यानं दांडा रेटला आणि चक्री हलली.

लगामाचं दुसरं टोक भिकाजीच्या हातात होतं. सोडायला हवं होतं. त्यानं सोडलं नाही.

एक पाऊल चालला, दोन पावलं चालला. चक्रीला वेग आला तसा तो ढवळ्याच्या शेजारून धावू लागला. एक फेरा झाला, दोन झाले. धोतराचा सोगा सुटून मातीत लोळू लागला. जत्रा गोळा झाली. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी टाळ्या पिटल्या. तिसऱ्या फेऱ्याला तो गुडघ्यावर आपटला, चार हात फरफटत गेला आणि उठून पुन्हा धावू लागला.

"काकानू, सोडा! मरशात!" सहदेवानं दांडा आवरला.

"फिरय रे!" भिकाजी धापा टाकत ओरडला. "थांबव नको, तुका हात जोडतंय! फिरय!"

गुडघ्यातून रक्त येत होतं. घोड्यावरच्या त्याच्या तोंडाला गाव दरवर्षी हसायचं, ते तोंड हे नव्हतं. पाण्यात पडलेला माणूस दोर धरतो तसा त्यानं लगाम धरला होता. सावित्रीला वाटलं, देवळात जाऊन त्या नारळाची शकलं वेचावीत. खरंच वाटलं तिला.

"कोण गो ह्यो?" बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या कृष्णाबाईनं विचारलं. मागे पद्मा मान खाली घालून उभी होती. "तुमच्या गावचो काय?"

कोणी एक वेडा आहे म्हणून सांगता आलं असतं. कृष्णाबाईनं भिकाजीला अजून पाहिलेलं नव्हतं. सावित्रीनं तोंड उघडलं, पण ते शब्द काही बाहेर येईनात. भिकाजी समोरून गेला, वळला, पुन्हा आला.

"पद्माचो बापूस," ती म्हणाली. आणि कृष्णाबाईचा हात घट्ट धरून, रडवेल्या आवाजात म्हणत राहिली, "पण घोड्यार बसाक नाय ते. बघा तुमी. देवाशपथ, अजून बसाक नाय."