तिसरं माणूस

“काका, घरात माणसं किती?” एसीच्या सर्व्हिसिंगला गच्चीवर आलेल्या लतीफनं विचारलं. अंगाची ऊब मोजून हे मशीन माणशी गारवा सोडायचं.

“तिघं. मुलगा, सून आणि मी,” त्र्यंबकराव म्हणाले.

“हे दोनच दाखवतंय. धूळ बसली असेल.” लतीफनं सेन्सर पुसून स्वतःसमोर धरला. एक. त्र्यंबकरावांसमोर धरला. शून्य.

“म्हणजे मी भूत की काय?” ते हसले.

चहा घेऊन आलेली सून किंचाळली, “ठेव ते खाली! बाबा गेले, ह्यांना करमेना, म्हणून आम्ही हुबेहूब बाबांसारखं यंत्र...” तिनं तोंडावर हात दाबला.

त्र्यंबकरावांनी खाली पाहिलं. मे महिन्याची दुपार, बूट घालूनही लतीफचे पाय पोळत होते. ते मात्र मघापासून अनवाणी उभे होते.