आबांचे वाचक

निवृत्तीनंतर यशवंत टिपुगडे ब्लॉगवर आपल्या वायरमनच्या नोकरीच्या आठवणी लिहू लागले. खाली रोज इंग्रजीत प्रतिक्रिया यायच्या, ‘फारच उपयुक्त लेख!’ शब्दकोश उघडून ते प्रत्येकाला उत्तर द्यायचे, घरच्यांची खुशाली विचारायचे.

सुट्टीत माहेरी आलेल्या रेश्माला ते पाहून हसू आवरेना. “आबा, ही माणसं नाहीत. हे स्पॅम आहे, यंत्रं पाठवतात.” तिने लगेच फिल्टर लावला आणि तीनशे बारा प्रतिक्रिया पुसल्या.

“सगळ्याच?”

“एकही खरी नव्हती, आबा.”

“बरं झालं सांगितलंस,” म्हणत त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिली नाही.

दोन महिन्यांनी, पुण्यातल्या घरी, रेश्माने तो ब्लॉग पहिल्यांदाच वाचला. वादळात वीज जोडताना आबा खांबावरून पडले होते. घरी मात्र त्यांनी सायकल घसरल्याचं सांगितलं होतं. डोळे पुसत तिने खाली लिहिलं, ‘आबा, मी सगळं वाचलं.’ तिनेच लावलेल्या फिल्टरमुळे ते आबांच्या मंजुरीसाठी अडकलं, म्हणून तिने फोन लावला.

“आबा, ब्लॉगवर एक प्रतिक्रिया आलीय.”

“यंत्राची असेल गं,” आबा म्हणाले, “पुसून टाक.”